वेणीचा भाग

१

आमच्या घरात सकाळचा पहिला चहा कानिफनाथ करायचे. कानिफनाथ म्हणजे माझा नवरा. खर्ड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमची पिठाची गिरणी आहे. गिरणी आणि घर यांच्यात एकच भिंत आणि त्या भिंतीत एक दार. गिरणी सुरू करायच्या आधी ते आलं ठेचायचे, चहा उकळायचे आणि पहिला कप आईला नेऊन द्यायचे. माझ्या सासूबाई, गोजरबाई, त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांचे हात थरथरतात. म्हणून कप नुसता टेकवायचा नाही, त्यांच्या बोटांवर आपली बोटं धरून थोडा चहा पोटात जाईपर्यंत थांबायचं, हे त्यांचं रोजचं. दळणाला आलेल्या बायका मला म्हणायच्या, "नशीब काढलंस गं पंकजा." मी म्हणायचे, "न्या की मग चार दिवस तुमच्याकडं." दृष्ट लागू नये म्हणून असं तुसडं बोलायची मला सवय आहे.

तर एका सकाळी मी उठले आणि गॅस थंड. कानिफनाथ ओट्यापाशी उभे होते. काही करत नव्हते, कशाला हात लावत नव्हते, नुसते उभे.

"दूध नासलं का?" मी विचारलं.

"चहा दे," ते म्हणाले.

मी केला. आत्यांचा कप त्यांच्या हातात दिला, नेतील म्हणून. त्यांनी तो तिथंच पिऊन टाकला. मग स्वतःचाही प्यायले आणि मधल्या दारातून गिरणीत निघून गेले. थोड्या वेळानं पट्टा फिरायला लागला. आत्या आतून विचारत होत्या, "आज उशीर का रं, कानिफ?"

आदल्या दिवशी शूटिंग होतं. माणूस दमतो. मी दुसरा चहा टाकला आणि विषय सोडून दिला.

२

शूटिंगचं सांगते. आमच्या वाडीतल्या पोरांनी युट्यूबवर एक सीरिज काढली आहे, 'उभा दावा' नावाची. लिहिणारा भागवत. त्याचं खर्ड्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तो यांचा शाळेपासूनचा दोस्त. कॅमेरा गोरक्ष धरतो. सीरिजमधला खलनायक म्हणजे जालिंदर तात्या. लोकांच्या जमिनी बळकावणारा, भावकीत आग लावणारा. तो तात्या म्हणजे आमचे कानिफनाथ. अंगानं आडवेतिडवे, आवाज भरडा, दुसरं कोण करणार?

पैसा नव्हता, म्हणून सगळं घरचंच वापरलं. तात्याचं घर म्हणजे आमचं घर. तात्याची आई म्हणजे आत्या. तात्याला लेक लागली तेव्हा आमची संस्कृती उभी केली. ती तिसरीत आहे, तिला गंमत वाटली. केस पिकलेले दाखवायचे तर गिरणीत एक चक्कर मारून यायचं, पिठानं आपोआप पांढरे व्हायचे.

भागवतचं एक म्हणणं होतं. ते तो शूटिंगच्या चहाला सगळ्यांना ऐकवायचा. "वाईट मानूस पहिल्यापासनं वाईट असला तर बघनाऱ्याला काय वाटत न्हाई. त्याला आधी चांगलं कायतरी द्यायचं. लोकांचा जीव जडू द्यायचा. मग एक-एक काढून घ्यायचं."

म्हणून त्यानं तात्याला आमच्या घरातला चहा दिला. दुसऱ्याच भागात दिवसभर लोकांना नाडून आलेला तात्या आईची बोटं धरून तिला चहा पाजतो. कमेंटी आल्या, व्हिलन असावा तर असा. पुढं चौथ्या भागात तात्या तोच कप अंगणात भिरकावतो आणि आईला म्हणतो, तुझं खानं-पिनं मला परवडत न्हाई. लोक भडकले. म्हणजे खूश झाले.

तो कप भिरकावल्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा गॅस थंड होता. पण असं काही जोडायचं म्हटलं तर माणसानं जगायचं कसं? मी माझ्या मनाला म्हटलं, पंकजा, डोकं ठिकाणावर ठेव. नवऱ्याच्या डोक्यात हवा गेली आहे, दुसरं काही नाही. रस्त्यानं जाणारी पोरं मोटारसायकल थांबवून सेल्फी काढायला लागल्यावर कुणाच्या जाणार नाही?

३

मग मुंग्यांचं झालं.

गिरणीत खाली सांडलेलं पीठ झाडून गोळा केलं की त्यातलं मूठभर ते मागच्या लिंबाखाली मुंग्यांना टाकायचे. त्यांचे वडील टाकायचे म्हणून हेही. भागवतनं तेही पाहिलं आणि तात्याला दिलं. सहाव्या भागात एकाचं डोकं फोडून आलेला तात्या पाय जपून टाकतो, मुंगी चिरडू नये म्हणून. आणि सातव्या भागात तो लिंबाखालच्या त्याच मुंग्यांच्या वारुळावर उकळतं पाणी ओततो. दोन्ही एकाच दिवशी शूट केलं. पाणी कोमटच होतं, पण पडद्यावर वाफ दिसली.

त्यानंतर लिंबाखाली पीठ पडेना. आणि मुंग्या घराकडं यायला लागल्या. डब्याला लागल्या नाहीत, साखरेला लागल्या नाहीत. लिंबापासून निघालेली रांग गिरणीच्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथं थांबायची. उंबरा काळा दिसायचा.

"ह्या कशाला आल्यात?" कानिफनाथांनी मला विचारलं.

"पीठ मागायला," मी म्हटलं. "तुम्ही बंद केलंत ना."

"मी कवा देत हुतो?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, माझी मस्करीसुद्धा त्यांना कळलेली दिसली नाही. मी मोबाईल काढून तो सहावा भाग दाखवला, पीठ टाकताना, पाय उचलताना. त्यांनी पूर्ण पाहिला.

"हा तात्या हाय," ते म्हणाले. "मी न्हाई."

आणि पायातल्या चपलेनं उंबरा घासून साफ केला. रागानं नाही हो. राग असता तरी मला बरं वाटलं असतं. पीठ झाडतात तसा घासला.

४

आत्यांनी माझा मोबाईल मागायला सुरुवात केली. रोज सकाळी मी चहा दिला की त्या म्हणायच्या, "तो चहाचा भाग लावून दे गं." मोबाईल उशीला टेकवून समोर ठेवायचा आणि कप हातात घ्यायचा. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारीला स्वतःला बघायला आवडतंय.

"माझा कानिफ आता ह्यात ऱ्हातो," आत्या एकदा म्हणाल्या.

"आत्या, व्हिडिओ आहे तो."

"मला शिकवू नगं. तू केडगावच्या माहेरची शानी, मला ठावं हाय. ये, हितं बस."

मी बसले. पडद्यावर ते आईची बोटं धरून उभे होते. इकडं खऱ्या आत्या फुर्र करून चहा पीत होत्या. हा प्रसंग छोटा होता, मला चांगलं आठवतं, मीच दाराआड उभी होते. कप दिला, आईनं तोंडाला लावला, तात्या वळून गेला. पण आता ते वळत नव्हते. आत्यांचा कप अजून अर्धा होता आणि ते उभेच होते. आत्या थांबल्या, पडद्यावरचे तेही थांबले. आत्यांनी शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला, तेव्हा ते वळले आणि दाराबाहेर गेले.

"बघितलंस?" आत्या म्हणाल्या. "आणि माझा हात बघ."

हात थरथरत नव्हता.

नेट हळू असेल. आमच्याकडं रेंज अशी येते-जाते, चित्र अडकून बसतं. मी स्वतःला हे दोनदा सांगितलं आणि कप विसळायला गेले. पण मला भीती वाटली, हे खरं आहे.

५

आता त्यांच्यातलं एकच उरलं होतं. वेणी.

संस्कृतीची वेणी कानिफनाथ घालायचे. मी घातली की शाळेत पोहोचेपर्यंत सुटते. ते गिरणीच्या मधल्या दारात पोत्यावर बसायचे, तिला पायांत धरायचे, तेल लावून मधोमध भांग पाडायचे आणि दोन घट्ट वेण्या घालून लाल रिबिनीनं वर बांधायचे. घालताना तोंडानं काहीतरी गुणगुणायचे, सूर ना ताल. संस्कृती म्हणायची, "पप्पा, लई वढता तुम्ही." आणि तरी माझ्याकडून घालून घ्यायची नाही.

एवढं राहिलं तरी पुष्कळ होतं. मला चहा करता येतो, मुंग्यांना मी पीठ टाकीन. पण पोरीला बाप पाहिजे. मी खर्ड्याला गेले, भागवतच्या दुकानात.

"भाऊजी, तात्याचं आता काही काढू नका," मी म्हटलं.

"काढायला ऱ्हायलंय काय, वहिनी?" त्यानं हातातला स्क्रू खाली ठेवला. "माज्याकडचं संपलं. लोकं म्हनत्यात, तात्या नुसता राक्षस झाला, आता मजा न्हाई. कायतरी चांगलं पायजे त्याच्यात. लई डोकं चालवलं, सुचतच न्हाई. घरात हाय का अजून कायतरी त्याचं?"

मी गप्प बसायला हवं होतं का, ते तुम्ही ठरवा. मला तेव्हा वाटलं ते सांगते. चहा तात्याकडून काढला, घरातून गेला. मुंग्या काढल्या, घरातून गेल्या. म्हणजे तात्याकडं एखादी गोष्ट शेवटपर्यंत राहिली, तर ती घरातही राहील. मला हे गणित सरळ वाटलं.

"एक आहे," मी म्हटलं. "पण शब्द द्या. ते काढायचं नाही. तात्या मेला तरी ते त्याच्याकडं राहिलं पाहिजे."

वेणीचं ऐकून भागवतचे डोळेच चमकले. "आईची आन, वहिनी. शेवटपरेंत काढनार न्हाई."

सांगून ठेवते, त्यानं शब्द पाळला.

६

तो भाग आमच्या मधल्या दारातच शूट केला. तात्याला पोलीस न्यायला येणार आहेत, त्याआधी तो लेकीची वेणी घालतो, एवढंच. एकही वाक्य नाही. कानिफनाथांनी तेल हातावर घेतलं, भांग पाडला, गुणगुणायला लागले. बोटं अशी चालत होती की गोरक्षचा कॅमेरा धरलेला हात ओला झाला, रडत होता तो. भागवत भिंतीकडं तोंड करून उभा. दोन्ही वेण्या झाल्या. संस्कृतीनं मान मागं टाकून बापाकडं बघितलं, तेवढं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"कट," भागवत म्हणाला.

कानिफनाथांचे हात खाली पडले.

"पप्पा, रिबीन ऱ्हायली," संस्कृती म्हणाली.

त्यांनी मांडीवरच्या रिबिनीकडं पाहिलं. उचलली, बोटांत फिरवली आणि खाली ठेवली. मीच पुढं होऊन बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्कृती फणी घेऊन त्यांच्यापुढं पाठ करून बसली. ते पोत्यावर बसून होते. किती वेळ काहीच झालं नाही, म्हणून तिनं फणी मागं धरली. त्यांनी घेतली.

"हिचं काय करायचं?" त्यांनी मला विचारलं.

तेवढ्यात एक बाई दळणाचा डबा घेऊन दारात आली. पोर वाटेत होती. त्यांनी तिचे मोकळे केस मुठीत धरले आणि तिला बाजूला सारलं, पोतं सरकवतात तसं. ती ओरडली. ते डबा घ्यायला उठले.

मी तिथंच उभी होते आणि तेव्हा मला कळलं. चहा कप भिरकावला तेव्हा गेला नव्हता. चहा त्याच्या कितीतरी आधी, पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर केला तेव्हाच गेला होता. शूटिंगच्या दिवसांत पोरं पहाटेच येऊन बसायची, चहा मीच टाकायचे, आत्यांना मीच द्यायचे, म्हणून माझ्या ध्यानात आलं नाही. मुंग्यांचंही तसंच. काढून घेतल्यानं जात नव्हतं. दिल्यानं जात होतं. आणि वेणी मी स्वतः जाऊन देऊन आले होते.

मला रडू आलं नाही. रडू यायला आत काहीतरी हलावं लागतं. मी पोरीच्या डोक्याला तेल चोळलं आणि भाकरी करायला बसले. त्या दिवसापासून माझ्या तोंडून त्याला 'अहो' निघत नाही.

७

संस्कृती त्याला तात्या म्हणायला लागली. कुणी शिकवलं नाही. "तात्या जेवायला बसलाय," म्हणायची. तो ओ द्यायचा.

पण रोज शाळेत जाताना तिच्या वेण्या घातलेल्या असायच्या. घट्ट, मधोमध भांग, रिबीन वर बांधलेली. मी घालत नव्हते. आत्यांनी घातल्या म्हणावं, तर त्यांच्या हातात कप ठरत नाही. आत्यांचा चहा झाला की ती माझा मोबाईल घेऊन आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची, एवढं मला माहीत होतं. मी विचारलं नाही. विचारलं तर काहीतरी उत्तर येईल, याची धास्ती.

एकदा दार नीट लागलं नव्हतं. मी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन तिथून जात होते. संस्कृती दाराकडं एक खांदा करून बसली होती, डोळे मिटून. मोबाईल तिच्या पाठीमागं तांदळाच्या डब्याला टेकवलेला. त्यातून गुणगुणणं येत होतं, सूर ना ताल. तिच्या पाठीवर केसांचे तीन पेड होते आणि ते खाली पडत नव्हते. वर जात होते, एकावर एक. मधेच तिची मान थोडी मागं ओढली गेली.

"लई वढता तुम्ही," ती म्हणाली.

मी दार ओढून घेतलं, आवाज न करता. पलीकडं गिरणीत तो होता, त्याला ऐकू जायला नको. हात धुतले, परत पीठ मळायला बसले. मला बरं वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती का, भ्यायला पाहिजे होतं का, मला ठाऊक नाही. मला बरं वाटलं, बस्स.

८

भागवत घरी आला तो तोंड पाडून. चॅनल कानिफनाथांच्या नंबरावर काढलेलं होतं, पहिल्यापासून.

"वहिनी, तो मागचे भाग काढून टाकायचं म्हनतोय. चहाचा, मुंग्यांचा, वेनीचा. म्हनतो, त्यात तात्या मऊ दिसतो. लोकांनी तात्याला घाबरलं पायजे."

"तुम्ही शब्द दिला होता, भाऊजी."

"मी कुठं काढतोय? तोच काढतोय." भागवतच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "मी त्याच्याशी बोलाय गेल्तो. त्यानं माज्याकडं बघितलं, वहिनी. मी पुन्हा जानार न्हाई."

भागवतनं मला त्याच्याकडचं मूळ शूटिंग मोबाईलमध्ये घालून दिलं. ते मी लावून पाहिलं. त्यात कप दिला जातो आणि तात्या वळून जातो. जेवढं शूट केलं तेवढंच. आत्यांनी बघून मोबाईल परत दिला. "ह्यो न्हाई," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला मी चुलीपाशी होते. आत्यांचा चहा झालेला, संस्कृती मोबाईल घेऊन आत गेलेली. गिरणी अजून बंदच होती. मी मधल्या दारातून पाहिलं. तो पोत्यावर बसला होता, स्वतःचा मोबाईल मांडीवर, अंगठा चालू.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"चहाचा गेला," तो म्हणाला. "मुंग्यांचा गेला."

मी त्याच्यापुढं बसले. आयुष्यात कुणापुढं हात जोडले नाहीत, त्याच्यापुढं जोडले. "राहू द्या तेवढा एक. पाया पडते. लेकीसाठी राहू द्या. तुमची लेक आहे ती."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. खरंच विचारात पडल्यासारखा वाटला मला, क्षणभर.

"त्यात काय हाय?" त्यानं विचारलं.

मी मोबाईलवर झडप घातली. त्यानं माझं मनगट धरलं, मुरगाळलं नाही, दाबलं नाही, नुसतं धरून बाजूला ठेवलं. दुसऱ्या हाताचा अंगठा खाली गेला.

मी आतल्या खोलीकडं धावले. दार उघडंच होतं. संस्कृती तशीच बसली होती, दप्तर पाठीला लावायचं बाकी. एका बाजूची वेणी झाली होती, रिबीन बांधलेली, घट्ट. दुसऱ्या बाजूची कानाच्या खाली आली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचे पेड सुटत खांद्यावर पसरले. डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर काळा पडदा होता आणि त्यावर लिहिलेलं होतं, हा व्हिडिओ उपलब्ध नाही.

पलीकडून तो हाक मारत होता. संस्कृती, शाळंला उशीर झाला, भाईर ये. आवाज अगदी त्यांचाच होता.

पोरीनं हाकेकडं मान वळवली नाही. तिनं मोकळे झालेले केस हातात धरले आणि माझ्याकडं पाहिलं.

"मम्मी, भाईर तात्या हाय," ती हळूच म्हणाली. "पप्पा मधीच कुठं गेले?"